लिनक्स अपडेट झालं की ग्राफिक्स बिघडतं: दर वेळी तेच का होतं आणि ते मुळापासून कसं थांबवायचं

एकाच लॅपटॉपवर हा प्रकार माझ्याकडे तीन वेळा झाला. अपडेट विनातक्रार पूर्ण झालं, मशीन रीस्टार्ट केलं, बूट मेनू आला आणि त्यानंतर वरच्या डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारा कर्सर, बाकी सगळी स्क्रीन काळी. लॉगिनचा पत्ताच नाही. पहिल्या वेळी शोधाशोध करून सापडलेला एक आदेश चालवला, स्क्रीन आली, मी कामाला लागले. काही आठवड्यांनी पुढचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, आलं आणि पुन्हा तेच. पुन्हा तोच आदेश, पुन्हा स्क्रीन आली. तिसऱ्या वेळी मात्र हात आवरला आणि आदेश टाइप करण्याआधी लॉग वाचायला बसले. तेव्हा लक्षात आलं की ज्याला मी उपाय समजत होते तो फक्त त्या एका कर्नलपुरता होता. पुढच्या अपडेटला बिघाड होणार हे त्याच वेळी ठरून गेलेलं होतं.

तो आदेश कोणता आणि त्यात काय चुकलं ते खाली सविस्तर आहे. माझं म्हणणं एवढंच: ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याआधी किंवा अख्खी सिस्टिम नव्याने टाकण्याआधी साखळीची कोणती कडी तुटली ते शोधा. ती शोधायला दहा मिनिटं लागतात.

या लेखात सगळे आदेश मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायचे. मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे. मधली आडवी रेघ आणि मोकळी जागा जशी दाखवली आहे तशीच ठेवा.

आधी मशीनच्या आत शिरा

काळी स्क्रीन म्हणजे मशीन बंद पडलं असं नाही. बहुतेक वेळा मागे सगळं नीट चालू असतं, फक्त चित्र दाखवणारा भाग उभा राहिलेला नसतो. म्हणून पॉवरचं बटण दाबून धरण्याआधी कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबून बघा. अक्षरी लॉगिन आलं तर अर्धं काम झालं, पुढचं सगळं तिथूनच करता येतं.

नाही आलं तर रीस्टार्ट करून ग्रबचा, म्हणजे बूट मेनू दाखवणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू उघडा. जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं, यूईएफआय (नव्या मशीनवर बायोसची जागा घेणारं फर्मवेअर) असेल तर सुरुवातीचा लोगो गेल्या गेल्या एस्केप एकदा दाबायचं. भराभर दाबलंत तर मेनूऐवजी ग्रबचा आदेश-पट्टा समोर येतो आणि माणूस आणखी गोंधळतो. मेनूत ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये गेलात की आधीचं कर्नल दिसेल, ते निवडा.

ही जुन्या कर्नलची पायरी पुष्कळ जण फक्त तात्पुरती सोय म्हणून वापरतात. माझ्या मते ती सगळ्यात चांगली तपासणी आहे. जुन्या कर्नलवर डेस्कटॉप व्यवस्थित आला तर कार्ड ठीक आहे, केबल ठीक आहे, डेस्कटॉपच्या सेटिंग्ज ठीक आहेत. दोष नवं कर्नल आणि ड्रायव्हर यांच्या सांध्यात आहे. जुन्या कर्नलवरही अंधारच असेल तर मग ड्रायव्हरचं पॅकेज, त्याच्या लायब्ररी किंवा एखादी जुनी सेटिंगची फाइल यांच्याकडे बघायचं. एका रीस्टार्टमध्ये निम्म्या शक्यता गळून पडतात.

दोन्ही कर्नल्सवर काहीच येत नसेल तर ग्रबमध्ये त्या ओळीवर उभं राहून ‘ई’ दाबा, ‘लिनक्स’ या शब्दाने सुरू होणारी लांबलचक ओळ शोधा, तिच्या शेवटी एक मोकळी जागा सोडून ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडा आणि एफ१० दाबा. साध्या, कमी रिझोल्यूशनच्या चित्रासह मशीन उठतं. हा बदल त्या एका बूटपुरताच असतो आणि तसाच असू द्या. ग्रबच्या सेटिंगमध्ये तो कायमचा लिहून ठेवणारे बरेच भेटतात. नंतर ते विचारतात की ड्रायव्हर टाकला तरी चालत का नाही. नोमोडसेट असताना एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर कार्डाचा ताबाच घेत नाहीत, मग सगळं चित्र प्रोसेसरलाच काढावं लागतं.

लक्षण नीट ओळखा

‘ग्राफिक्स गेलं’ या एका वाक्यात निदान चार वेगळे बिघाड लपलेले असतात. पूर्ण काळी स्क्रीन हा एक. डेस्कटॉप येतो पण रिझोल्यूशन बदलता येत नाही आणि दुसरा मॉनिटर दिसतच नाही, हा दुसरा. सगळं दिसतं पण खिडकी सरकवली तरी पंखा जोरात फिरतो आणि व्हिडिओ अडखळतो, हा तिसरा. चौथ्यात डेस्कटॉप छान चालू असतो, पण गेम किंवा थ्रीडीचा प्रोग्राम उघडायला गेलं की आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश येतो.

तिसरा प्रकार फसवा आहे, कारण वरवर काहीच बिघडलेलं दिसत नाही. तिथे ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (इथला ‘बी’ मोठा) चालवा आणि ‘ओपनजीएल रेंडरर’ची ओळ वाचा. तिथे तुमच्या कार्डाचं नाव असायला हवं. ‘एलएलव्हीएमपाइप’ असं दिसलं तर कार्ड बाजूला बसलंय आणि मेसाचा (ग्राफिक्सच्या मुक्त लायब्ररींच्या संचाचा) सॉफ्टवेअर रेंडरर प्रोसेसरवर एकेक ठिपका रंगवतोय.

दुसरा आदेश ‘एलएसपीसीआय -के’. याच्या लांब यादीत ‘व्हीजीए’ किंवा ‘थ्रीडी कंट्रोलर’ असं लिहिलेल्या नोंदी शोधा. दोन कार्डांच्या लॅपटॉपमध्ये अशा दोन नोंदी सापडतील. प्रत्येकीखाली दोन ओळी महत्त्वाच्या: ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ म्हणजे आत्ता कार्ड कोणाच्या ताब्यात आहे आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’ म्हणजे कोणाच्या ताब्यात जाऊ शकलं असतं. पहिली ओळच गायब असेल तर कार्डाला कोणीही वाली नाही. एनव्हिडियाच्या कार्डाखाली ‘नूव्हो’ दिसत असेल तर कंपनीचा ड्रायव्हर उभा राहिला नाही आणि कर्नलमधला मुक्त ड्रायव्हर पुढे आला.

दर अपडेटला हे का होतं

एएमडी आणि इंटेलचे ड्रायव्हर, म्हणजे एएमडीजीपीयू, आय९१५ आणि इंटेलच्या नव्या कार्डांसाठीचा एक्सई, हे कर्नलच्याच सोर्समध्ये असतात. कर्नल बदललं की तेही त्याच्यासोबत तयार होऊन येतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर मात्र बाहेरचा. कर्नल आपल्या आतल्या जोडण्या दोन आवृत्त्यांमध्ये सारख्याच ठेवण्याची हमी देत नाही. हे धोरण मुद्दाम ठरवलेलं आहे आणि कर्नलच्या दस्तऐवजात उघडपणे लिहिलेलं आहे. त्यामुळे बाहेरचं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हरचा कर्नलमध्ये चढणारा भाग, प्रत्येक कर्नलसाठी वेगळं तयार करावं लागतं. एका कर्नलसाठी बनलेलं मॉड्यूल दुसरं कर्नल स्वीकारत नाही.

हे काम दर वेळी हाताने करायला नको म्हणून डीकेएमएस आहे. नवं कर्नल आलं की ते आपोआप जागं होतं, ड्रायव्हरचा सोर्स घेतं, त्या कर्नलसाठी मॉड्यूल कंपाइल करतं आणि जागेवर ठेवतं. फेडोराच्या जगात हेच काम एकेमॉड्स करतं. उबुंटूमध्ये आधीच तयार करून सही केलेली मॉड्यूल्सही मिळतात.

म्हणजे साखळी अशी आहे: नवं कर्नल, त्याचे हेडर्स (मॉड्यूल कंपाइल करायला लागणाऱ्या त्या कर्नलच्या फाइली), कंपायलर, तयार झालेलं मॉड्यूल, सिक्युअर बूट असेल तर मॉड्यूलवरची सही आणि शेवटी त्याच आवृत्तीच्या लायब्ररी. यातली एक कडी निसटली तरी समोर दिसतं ते एकच, काळी स्क्रीन. एकाला लागू पडलेला उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही तो यामुळेच.

हेडर्स: सगळ्यात जास्त वेळा इथेच तुटतं

‘युनेम -आर’ने चालू कर्नलचा क्रमांक बघा आणि मग ‘डीकेएमएस स्टेटस’ चालवा. प्रत्येक ओळीत मॉड्यूलचं नाव, त्याची आवृत्ती, कर्नलचा क्रमांक आणि शेवटी स्थिती असते. नव्या कर्नलच्या क्रमांकासमोर ‘इन्स्टॉल्ड’ दिसलं तर मॉड्यूल तयार आहे, दोष पुढच्या कडीत शोधायचा. नुसतं ‘ॲडेड’ असेल तर सोर्स आहे पण कंपाइल झालेलं नाही. आणि नव्या कर्नलची ओळच नसेल तर डीकेएमएसने त्याच्यासाठी काही केलंच नाही.

माझ्याकडे ओळच नव्हती. जुन्या कर्नलची ओळ होती, नव्याची नाही. मग एपीटीचा, म्हणजे उबुंटू-डेबियनवर पॅकेजेस बसवणाऱ्या साधनाचा, ‘टर्म’ नावाचा लॉग उघडला, ‘व्हार’मधल्या ‘लॉग’ फोल्डरात, ‘एपीटी’च्या आत असतो तो. अपडेट चालू असताना स्क्रीनवरून भराभर वर सरकून जाणाऱ्या सगळ्या ओळी तिथे जशाच्या तशा साठवलेल्या असतात. शेकडो ओळींमध्ये एक साधी ओळ होती. लाल रंग नाही, ‘एरर’ हा शब्द नाही. या कर्नलचे हेडर्स बसवलेले दिसत नाहीत, म्हणून मॉड्यूल तयार करणं वगळलं, एवढाच तिचा अर्थ. त्याखाली पुढची पॅकेजेस शांतपणे बसत गेली होती आणि शेवटी अपडेट यशस्वी. आधीच्या दोन अपडेट्सच्या जागी गेले तर तिथेही शब्दन् शब्द तीच ओळ.

आता त्या आदेशाकडे येते. मी दर वेळी ‘लिनक्स-हेडर्स’पुढे ‘युनेम -आर’चं उत्तर जोडून हेडर्स टाकत होते. जवळजवळ प्रत्येक मदतीच्या पानावर हाच आदेश सापडतो आणि तो चुकीचा नाही, चालू कर्नलचे हेडर्स तो नेमके आणतो. पण चालू कर्नलचेच. पुढचं कर्नल आलं की त्याचे हेडर्स आणायला कोणालाच सांगितलेलं नसतं. कर्नल स्वतः ज्या छत्री-पॅकेजमुळे (दर वेळी ताज्या आवृत्तीचं पॅकेज ओढून आणणाऱ्या पॅकेजमुळे) पुढे सरकतं, तसंच एक छत्री-पॅकेज हेडर्ससाठीही लागतं.

उबुंटू आणि तिच्या कुटुंबात ते ‘लिनक्स-हेडर्स-जेनेरिक’. एचडब्ल्यूई (उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला मिळणारं नवं) कर्नल वापरत असाल तर त्याच जोडीचं, नावात ‘एचडब्ल्यूई’ असलेलं. डेबियनवर ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’. नाव एएमडी असलं तरी इंटेलच्या ६४ बिट प्रोसेसरवरही हेच. आर्चवर तुमच्या कर्नलच्या नावापुढे ‘-हेडर्स’. साधं कर्नल आणि एलटीएस (दीर्घकाळ दुरुस्त्या मिळणारं) कर्नल दोन्ही ठेवली असतील तर दोन्हींचे वेगवेगळे. फेडोरावर ‘कर्नल-डेव्हल’. नियम सोपा आहे: कर्नल ज्या छत्रीखाली येतं, हेडर्सही त्याच छत्रीचे हवेत. जेनेरिक कर्नल आणि लो-लेटन्सीचे हेडर्स असा मेळ जमत नाही.

मी ते एक छत्री-पॅकेज टाकलं. टाकल्याबरोबर डीकेएमएस आपणहून जागं झालं, दोनेक मिनिटं प्रोसेसर तापला, आणि ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलची ओळ आली.

इथे आणखी एक खड्डा आहे. जुन्या कर्नलवर बूट करून हा ‘युनेम’वाला आदेश चालवलात तर तो जुन्याच कर्नलचे हेडर्स मागतो. ते आधीच असतात. सिस्टिम सांगते की सगळं अद्ययावत आहे, तुम्ही रीस्टार्ट करता, पुन्हा अंधार. जुन्या कर्नलवरून दुरुस्ती करत असाल तर नव्याचा क्रमांक हाताने लिहा. तो ‘बूट’ फोल्डरातल्या फाइलींच्या नावांत दिसतो. मग ‘डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल’ला ‘-के’ लावून तोच क्रमांक द्या.

कंपाइलच होत नसेल तर

स्थिती ‘ॲडेड’वर अडकली असेल तर हेडर्स असूनही कंपाइल फसलंय. ‘व्हार’, ‘लिब’, ‘डीकेएमएस’, मग ड्रायव्हरचं नाव, आवृत्ती आणि ‘बिल्ड’ या वाटेने गेलात की ‘मेक.लॉग’ नावाची फाइल सापडेल. ती शेवटापासून नाही, पहिल्या ‘एरर’पासून वाचा. शेवटची ओळ फक्त काम थांबलं एवढंच सांगते. खरं कारण पहिल्या चुकीत असतं, बाकीच्या बहुतेक तिच्या मागोमाग आलेल्या असतात.

पहिल्या चुकीत एखादं फंक्शन जाहीर केलेलं नाही किंवा एखाद्या रचनेत अमुक सदस्य नाही असं लिहिलेलं असेल तर कर्नल ड्रायव्हरच्या पुढे निघून गेलंय. ड्रायव्हरची नवी आवृत्ती आपल्या वितरणात (उबुंटू, फेडोरा, आर्च यांपैकी जे असेल त्यात) येईपर्यंत जुन्या कर्नलवर काम करा. असा ड्रायव्हर हाताने दुरुस्त करत बसू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. इंटरनेटवरून आणलेला पॅच आज बसतो आणि पुढच्या अपडेटला पुन्हा अडकवतो.

चूक कंपायलरला एखादा पर्याय ओळखता न आल्याची असेल तर ती वेगळी गोष्ट. उबुंटू २२.०४ ला ६.५ चं एचडब्ल्यूई कर्नल मिळालं तेव्हा अनेकांकडे नेमकं हे घडलं. ते कर्नल जीसीसी १२ ने बनलेलं होतं आणि सिस्टिमचा नेहमीचा कंपायलर जीसीसी ११ होता. ‘जीसीसी-१२’ हे पॅकेज टाकून मॉड्यूल पुन्हा तयार केलं की काम होत होतं. ड्रायव्हर, कार्ड, कर्नल यांपैकी कशातच दोष नव्हता.

मॉड्यूल आहे, पण कर्नल ते घेत नाही

‘इन्स्टॉल्ड’ दिसतंय आणि तरीही ‘एलएसपीसीआय’मध्ये ड्रायव्हर नाही. अशा वेळी ‘सूडो मॉडप्रोब एनव्हिडिया’ चालवा आणि काय उत्तर येतं ते अक्षरशः वाचा. ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ असं आलं तर मामला सिक्युअर बूटचा आहे. ‘मोक्युटिल --एसबी-स्टेट’ने तो चालू आहे की बंद हे कळतं.

सिक्युअर बूट चालू असेल तर कर्नल फक्त ओळखीच्या किल्लीने सही केलेली मॉड्यूल्स घेतं. डीकेएमएस तुमच्याच मशीनवर एक किल्ली तयार करून मॉड्यूलवर सही करतं, पण ती किल्ली विश्वासाची आहे हे फर्मवेअरच्या पातळीवर तुम्ही स्वतः, कीबोर्डसमोर बसून सांगावं लागतं. ड्रायव्हर टाकताना म्हणूनच एक पासवर्ड मागितला जातो. हा लॉगिनचा पासवर्ड नाही, पुढच्या रीस्टार्टला एकदाच लागणारा आहे.

रीस्टार्ट केल्यावर निळ्या रंगाचा एक पडदा येतो आणि कोणतंही बटण दाबा म्हणून उलटी मोजणी सुरू होते. १० सेकंद. एवढ्यात काही दाबलं नाही तर मशीन नेहमीसारखं पुढे जातं आणि किल्ली नोंदवली जात नाही. मशीन रीस्टार्टला लावून उठून गेलेल्यांच्या हातून हा पडदा निसटतो. मग ड्रायव्हर का चालत नाही याचा काही केल्या उलगडा होत नाही. पडद्यावर ‘एनरोल मॉक’, मग ‘कंटिन्यू’, मग ‘येस’, मग तो पासवर्ड. इथला कीबोर्ड अमेरिकी मांडणीचा धरला जातो, म्हणून पासवर्डमध्ये साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडेच ठेवा. पडदा निसटला असेल तर ‘मोक्युटिल --इंपोर्ट’ने तीच किल्ली पुन्हा नोंदणीला लावता येते. उबुंटूवर ती ‘व्हार’, ‘लिब’, ‘शिम-साइन्ड’, ‘मॉक’ या वाटेवर असते. बायोस अपडेट किंवा रीसेट केल्यावर आधी नोंदवलेली किल्ली पुसली जाऊ शकते. लिनक्समध्ये काहीच बदललं नसताना अचानक ग्राफिक्स गेलं तर हेही तपासा.

सिक्युअर बूट बंद करून टाका असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने काम होतं हे खरं. पण किल्ली नोंदवायला पाच मिनिटं लागतात आणि त्या पाच मिनिटांसाठी मशीनचं एक संरक्षण कायमचं काढून टाकू नये.

आवृत्ती जुळत नाही

‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवल्यावर ‘ड्रायव्हर लायब्ररी व्हर्जन मिसमॅच’ आलं तर घाबरू नका. अपडेटने डिस्कवरच्या लायब्ररी बदलल्या, पण मेमरीत अजून जुनं मॉड्यूल बसलेलं आहे. अपडेट्स पार्श्वभूमीवर आपोआप होत असतील तर काम करता करता मध्येच हे दिसतं. रीस्टार्ट करा, बहुतेक वेळा तेवढ्याने मिटतं.

रीस्टार्टनंतरही तोच संदेश असेल तर मशीनवर दोन वेगवेगळे ड्रायव्हर आहेत. याचं नेहमीचं कारण म्हणजे कधीतरी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून चालवलेली ‘.रन’ फाइल. ती पॅकेज व्यवस्थेला न विचारता आपल्या लायब्ररी पसरवते, मग पुढचं अपडेट त्यातल्या काहींवर आपल्या लिहितं. ‘एनव्हिडिया-अनइन्स्टॉल’ हा आदेश मशीनवर सापडला तर शंका खरी समजा. तो चालवा, मग वितरणाचं पॅकेज नव्याने टाका. ड्रायव्हर एकाच वाटेने घ्यावा आणि ती वाट तुमच्या वितरणाची असावी, याबाबत मी ठाम आहे.

फ्लॅटपॅकची, म्हणजे प्रोग्राम आपल्या लायब्ररींसकट वेगळे बसवणाऱ्या व्यवस्थेची, गोष्टही इथेच येते. डेस्कटॉप ठीक, बाकी प्रोग्राम ठीक, फक्त फ्लॅटपॅकमधून घेतलेले प्रोग्राम धिमे किंवा उघडतच नाहीत. फ्लॅटपॅक एनव्हिडियाच्या लायब्ररींची स्वतःची प्रत ठेवतं आणि तिचा क्रमांक मॉड्यूलशी तंतोतंत जुळावा लागतो. ‘फ्लॅटपॅक अपडेट’ चालवा, झालं.

बूट फोल्डर भरलाय का

‘डीएफ -एच’ चालवून ‘बूट’ची ओळ बघा. तो वेगळ्या, छोट्या पार्टिशनवर असेल आणि जुनी कर्नल्स साचली असतील तर नवं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला कर्नलसोबत मेमरीत चढणारी फाइल) अर्धवट लिहिलं जातं किंवा लिहिलंच जात नाही. लॉगमध्ये ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ सापडतं. ‘एपीटी ऑटोरिमूव्ह’ने जुनी कर्नल्स काढा, पण चालणारं एक तरी मागे राहू द्या. मग इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा: डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट --फोर्स’, आर्चवर ‘एमकेइनिटसीपीआयओ’ला मोठा ‘पी’ लावून.

कार्डच जुनं असेल तर

काही वेळा कोणतीच कडी तुटलेली नसते, नव्या ड्रायव्हरने तुमच्या पिढीचं कार्ड सोडून दिलेलं असतं. एनव्हिडियाच्या फर्मी पिढीसाठी ३९० ही शेवटची शाखा, केप्लरसाठी ४७०, आणि मॅक्सवेल, पास्कल, व्होल्टासाठी ५८०. जीटीएक्स ९०० आणि जीटीएक्स १० मालिकेची कार्डं या शेवटच्या गटात येतात. अपडेटने यापुढची शाखा आणली तर मॉड्यूल तयार होतं, लोड करायला जातं आणि या कार्डाला आता आधार नाही म्हणून थांबतं. ‘जर्नलसीटीएल -के’मध्ये कर्नलने तसं स्पष्ट लिहिलेलं असतं.

यात २०२२ पासून आणखी एक फाटा आहे, तो म्हणजे एनव्हिडियाची खुल्या सोर्सची कर्नल मॉड्यूल्स. ती ट्युरिंग आणि नंतरच्या पिढ्यांसाठीच आहेत, म्हणजे जीटीएक्स १६ आणि आरटीएक्स २० पासून पुढे. पास्कल कार्डावर नावात ‘ओपन’ असलेलं पॅकेज टाकलं तर काही चालणार नाही. उलट ब्लॅकवेल पिढीच्या, म्हणजे आरटीएक्स ५० च्या कार्डांना तेच लागतं, जुन्या पद्धतीचं बंद मॉड्यूल चालत नाही. उबुंटूवर ‘उबुंटू-ड्रायव्हर्स डिव्हायसेस’ने आपल्या कार्डाला काय सुचवलंय ते बघूनच पॅकेज निवडा.

ड्रायव्हर काढून टाकल्यावर नूव्होही येत नसेल तर ‘ईटीसी’ किंवा ‘यूएसआर-लिब’मधल्या ‘मॉडप्रोब.डी’ फोल्डरात नूव्होवर बंदी घालणारी फाइल मागे राहिलेली असते. ती हटवा आणि इनिटरॅमएफएस पुन्हा बनवा. तसंच कधीकाळी हाताने लिहिलेली ‘झॉर्ग.कॉन्फ’ फाइल राहिली असेल तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा.

एएमडी आणि इंटेलवाल्यांसाठी

इथे मॉड्यूल कर्नलसोबतच येतं, म्हणून वरचं बहुतेक लागू नाही. तपासायच्या जागा दोनच. एक, फर्मवेअर (कार्डात चढवायच्या फाइली): ‘डीएमईएसजी’ या कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या आदेशामध्ये एएमडीजीपीयूच्या एखाद्या फाइलचं थेट लोडिंग उणे २ या चुकीने फसल्याचं दिसलं तर ती फाइल डिस्कवर नाही. ‘लिनक्स-फर्मवेअर’ अद्ययावत करा. कर्नल नवं आणि फर्मवेअर जुनं असं झालं की नव्या कार्डांवर हमखास हे दिसतं. दोन, लॅपटॉपची स्क्रीन अपडेटनंतर थरथरणं किंवा क्षणभर गोठणं: ग्रबमध्ये ‘ई’ दाबून एका बूटपुरतं ‘आय९१५.इनेबल_पीएसआर=०’ देऊन बघा, एएमडीवर ‘एएमडीजीपीयू.डीसीडीबगमास्क=०एक्स१०’. दोन्हींनी स्क्रीनची वीज वाचवणारी एकच सोय बंद होते. फरक पडला तर दोष कुठे आहे ते कळलं. पुढचं कर्नल आल्यावर तो पर्याय काढून पुन्हा पाहा.

रीस्टार्ट दाबण्याआधी

आता माझी सवय अशी. अपडेट झालं आणि यादीत कर्नल होतं, तर रीस्टार्ट दाबण्याआधी ‘डीकेएमएस स्टेटस’ बघते. नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ असेल तरच पुढे. फेडोरावर ‘मॉडइन्फो -एफ व्हर्जन एनव्हिडिया’ला (यातला ‘एफ’ मोठा) ‘-के’ लावून नव्या कर्नलचा क्रमांक द्यायचा. आवृत्तीचा आकडा आला तर मॉड्यूल तयार आहे. चूक आली तर एकेमॉड्सचं कंपाइल अजून चालू असेल, पाच मिनिटं थांबून पुन्हा विचारायचं. तिथे घाईने केलेला रीस्टार्टच पुष्कळांना काळ्या स्क्रीनवर नेतो. आर्चवर एकटंच पॅकेज पुढे नेणं टाळा, अख्खी सिस्टिम एकत्र अपडेट करा. सोबत एलटीएस कर्नल ठेवा, ग्रबमधून परत फिरायला जागा राहते.

कर्नल रोखून धरणं, म्हणजे ‘एपीटी-मार्क होल्ड’, मी फक्त एखाद्या आठवड्यासाठी करते, हातात काम असेल आणि ड्रायव्हर कंपाइल होत नसेल तेव्हा. सुरक्षेच्या दुरुस्त्या कर्नलमधूनच येतात. रोखलेलं कर्नल महिनोन्‌महिने विसरून जाण्यापेक्षा काळी स्क्रीन परवडली.

हेडर्सचं छत्री-पॅकेज टाकल्यानंतर त्या लॅपटॉपवर कर्नलची चार अपडेट्स येऊन गेली. चौथ्या वेळी मी एपीटीचा टर्म लॉग मुद्दाम उघडून बघितला. मॉड्यूल वगळल्याची ती ओळ नव्हती. त्या जागी कंपाइलच्या दहा-बारा ओळी होत्या आणि शेवटी मॉड्यूल जागेवर ठेवल्याची नोंद.